हरणीचा मागचा गुडघा गेलाय, ऑपरेशन न करता काय करता येईल?

लालपरीवाला
९ मार्च, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हरकी केली, आता चाकूर तालुक्यात शेतावरच राहायलोय. इथं सगळे हरभऱ्याचं आणि बोअरचं विचारतेत, माझा प्रश्न कुत्रीचा आहे. हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

हरणी नाव तिचं. कारवानी जातीची, सात वर्षांची, रंग वाळल्या कडब्यावाणी. पळायला लागली की पाय जमिनीला लागतेत का नाही ते कळत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तूर काढलेल्या रानात वानरं उतरली, ही सुटली. आमचं रान काळं, ओल तुटली की मनगट जाईल एवढ्या भेगा पडतेत. मागचा उजवा पाय भेगेत गेला आणि बाकीचं अंग पुढं. एकदाच ओरडली. मी बांधावरून धावत गेलो, धावत म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं होतं तेवढं, तर ही तीन पायांवर माझ्याकडंच यायली होती.

लातूरला एका दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी आडवी पाडली, एका हातात मांडी, दुसऱ्या हातात गुडघ्याखालच्या हाडाची नळी धरली आणि टेबलाचा खण ओढावा तशी नळी पुढं ओढून दाखवली. सरकली. बघून माझ्याच अंगावर काटा आला. एक्स-रेत हाडं धड आहेत, आतला लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून धरणारी दोरी, तुटलाय म्हणाले. ऑपरेशन पुण्याला नाहीतर हैदराबादला, जाणं-येणं धरून ८० हजाराच्या पुढं. सोयाबीन अजून घरात पडून आहे. पोरगं म्हणतंय कुत्रीवर एवढे घालवायचे का. मी गप बसलो, कारण उत्तर मलाही येत नव्हतं.

आता मी काय-काय करून बसलो ते सांगतो. माझा डावा गुडघा क्लच दाबून दाबून गेलेला, त्यामुळं नी-कॅप घरात दोन. एक हरणीला घातली, वरून नाडी बांधली. चार पावलांत मोजा उतरावा तशी घोट्यावर आली. मग ऑनलाइन कुत्र्यांचा खास पट्टा मागवला, २,८०० रुपये. तो वीस पावलं टिकला. संध्याकाळपर्यंत तिनं त्याची चिकटपट्टी चावून खाल्ली. आणि एक चूक मोठी झाली. माझी गुडघ्याची गोळी अर्धी करून भाकरीत घालून दिली. दुसऱ्या दिवशी उलटी आणि डांबरासारखी काळी शी. मालकीण तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आज पाच आठवडे झाले. उभी राहते तेव्हा फक्त बोटं टेकवते. बसताना उजवा पाय बाहेर फेकून बसते, रातराणीत लोक पाय पसरून बसतेत तशी. सकाळी उठली की जास्त लंगडायलीय. वजन २७ किलो, पूर्वी २३ होतं. पट्टा नीट मापाचा मिळाला तर उपयोग होतो का? का दुसरं काही आहे?

बांधावरचा
९ मार्च, रात्री १०:०५

मामा, बिब्ब्याचा डाग द्या. आमच्या बैलाचा खुबा धरला होता, दोन डागात उभा राहिला. ८० हजारात नवीन दहा कुत्री येतेत.

गुरांचा डॉक्टर
१० मार्च, सकाळी ६:५०

काका, आधी तो बिब्बा बाजूला ठेवा. त्यानं कातडीला फोड येतात, कुत्री फोड चाटते, मग जीभ आणि ओठ सुजतात. आणि बिघाड कातडीत नाही, सांध्याच्या आत आहे.

दुसरं, तुमची गोळी. माणसाची डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यातलं काहीही कुत्र्याला द्यायचं नाही. काळी शी म्हणजे पोटात रक्त गेलं होतं. वाचली हे नशीब. गिधाडं संपत आली तीसुद्धा मेलेल्या गुरांच्या मांसातल्या डायक्लोफेनॅकमुळं, म्हणून २००६ साली जनावरांच्या औषधात त्यावर बंदी आली. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन अशा गोळ्या असतात. त्याही वजन मोजून, आधी रक्तातलं किडनी-लिव्हर तपासून. स्टेरॉइडच्या जोडीनं तर अजिबात नाहीत. कुणी एका दमात दोन्ही इंजेक्शनं मारत असेल तर हात धरा त्याचा.

मी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता सरकारी दवाखान्यात आहे. दिवसभर म्हशी आणि शेळ्या, कुत्रं आठवड्यातून दोन-चार. पण हा गुडघा पुष्कळ बघितलाय. तुम्ही ड्रायव्हर आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. कुत्र्याच्या नळीचं वरचं टोक सपाट नसतं, मागच्या बाजूला उतरतं असतं. मांडीचं हाड त्या उतारावर उभं. तो लिगामेंट म्हणजे हँडब्रेक. तो तुटला की पायावर भार आला रे आला, गाडी उतारावरून मागं घरंगळते. दर पावलाला. दोन हाडांच्या मधली गादी त्यात चेंगरते. चालताना गुडघ्यातून 'टक' असा आवाज येतो का ते कान देऊन ऐका. येत असेल तर गादीही फाटलेली असू शकते, आणि मग नुसत्या विश्रांतीवर भागणं अवघड.

मोठ्या कुत्र्यात जे ऑपरेशन करतात त्यात हाड कापून तो उतारच सपाट करतात. ऑपरेशन नसेल तर गाडी थांबवायला चाकाखाली दगड लावायचा. इथं दगड दोन: एक मांडीचे स्नायू, दुसरा सांध्याभोवती शरीर स्वतःच जी जाड घट्ट पापडी धरतं ती. पापडी धरायला महिने लागतात, आणि सांधा रोज घसरत राहिला तर ती धरत नाही. तुमचे पाच आठवडे असेच गेले. ती मोकळी आहे ना शेतावर?

खरं सांगायचं तर २७ किलोच्या पळणाऱ्या कुत्रीला ऑपरेशनचा निकाल चांगला. १९८४ साली छापून आलेल्या एका जुन्या अभ्यासात ऑपरेशन न केलेल्या कुत्र्यांपैकी १५ किलोच्या आतली साधारण ८५ टक्के सुधारली होती, त्याहून जड असलेल्यांत २० टक्केसुद्धा नाहीत. घाबरवायला सांगत नाही, पण बारीक कुत्र्याचा व्हिडिओ बघून हरणीची आशा धरू नका. पैसे नाहीत म्हणून लाजूही नका. करण्यासारखं बरंच आहे.

पट्ट्याचं. कुत्र्याची मांडी वर रुंद, खाली निमुळती, आणि कारवानीची तर काठीच. तयार पट्टा घसरणारच. पायाचा प्लास्टरचा साचा घेऊन बनवतात तो बरा बसतो, पण तोही फिरवताना घालायचा, रात्री काढायचा, आणि काढल्यावर दर वेळी मांडीची आतली बाजू आणि टाचेवरची शीर बघायची, तिथं कातडी सोलते. पट्ट्याचे पक्के पुरावे अजून थोडेच आहेत. माझं मत विचाराल तर ते पैसे रक्ततपासणी आणि गोळ्यांना ठेवा.

पहिले ८ आठवडे कोंडायचं. शी-शूला दोरीवर, पाच मिनिटं, परत आत. पळणं, उडी, ओट्यावर चढणं, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, सगळं बंद. वजन ४ किलो खाली. बरगड्या दिसायला नकोत, पण हात फिरवला की मोजता आल्या पाहिजेत.

आणि एक घरचं माप. सुतळी घ्या, मांडीला जांघेजवळ गुंडाळा, गाठ मारा. दोन्ही पायांची. फरक किती ते कळवा. शिवाय गोचीड आहेत का? गोचीडतापातही सांधे धरतात, एक पाय आज, दुसरा उद्या. तुमच्या गोष्टीवरून तसं वाटत नाही, पण रक्त काढणारच आहात तर तेही बघून घ्या.

लालपरीवाला
१० मार्च, दुपारी १:३०

डॉक्टरसाहेब, तुमचं वाचून दाखवलं मालकिणीला. हँडब्रेकचं तिलाही कळलं.

सुतळीचं माप घेतलं. उजव्याची गाठ डाव्याच्या दोन बोटं आत येतेय. एवढी वाळली मांडी, रोज हात फिरवायलो तरी ध्यानात आलं नव्हतं. टक आवाज नाही. गोचीड आहेत, कानात आठ निघाले.

कडब्याची कोठी रिकामी केली आहे, सहा बाय आठ. अर्धं दार लावलं. आत गेल्यापासून ओरडायलीय.

बडीचीआई
१० मार्च, रात्री ११:१५

काका, ओरडू द्या. चौथ्या दिवशी थांबेल. माझा बडी अकरा दिवस ओरडला, शेजारच्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला.

मी संभाजीनगरची. बडी लॅब्रेडॉर, दुखणं वेगळं, त्याच्या खुब्याची वाटीच जन्मतः उथळ. पळताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकायचा, सशासारखा. आम्हाला वाटायचं लाडात येतो. चार वर्षांचा होता तेव्हा ४१ किलो. हो, एक्केचाळीस. सासूबाईंची शेवटची पोळी तुपासकट त्याची, सासऱ्यांच्या चहाबरोबर मारीची बिस्किटं त्याची, आणि कुणीच दिलेलं कबूल करायचं नाही. डॉक्टरांनी आम्हाला लॅब्रेडॉरच्याच एका अभ्यासाचं सांगितलं. ४८ पिल्लं, जोड्या लावलेल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, तेही आयुष्यभर. कमी खाणारी साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग त्या दुसऱ्या बिचाऱ्यांना कशाला एवढं घातलं? पण पोळी थांबली.

आम्ही दिवसभराचं खाणं सकाळीच एका डब्यात मोजून ठेवतो. ज्याला लाड करायचे त्यानं त्या डब्यातून करायचे. बडी आता ३३ आहे. गोळी रोज लागायची, आता थंडीतच लागते.

पण मला तुम्हाला फरशीचं सांगायचं होतं. आमच्याकडं जुन्या घरात शहाबादी होती तेव्हा तो नीट उठायचा. नव्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स, मागचे पाय दोन बाजूंना पसरायचे, बर्फावर उभं केल्यासारखे. मग रबरी पायपोस ओळीनं टाकले, त्याच्या गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत. घर दिसतं कसं ते विचारू नका. तुमची कोठी शेणानं सारवलेली असेल तर उत्तम, फरशी असेल तर पोती नुसती टाकू नका, ती सरकतात. कडा दगडानं दाबा. नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस असतील तर कापा.

उठवताना आणि पायरीवर जुना पंचा पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्या आणि दोन्ही टोकं वर हातात धरा. उचलायचं नाही, नुसता आधार. पहिल्या दिवशी मी जोरात ओढलं, बडीनं मागं वळून असं बघितलं की मी सॉरी म्हटलं त्याला.

सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामिनच्या पावडरी दोन वर्षं घातल्या, मला काही फरक दिसला नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनं थोडा दिसला, की मला वाटलं, देव जाणे.

बांधावरचा
११ मार्च, सकाळी ७:४०

बिब्ब्याचं मागं घेतो. पण एक विचारतो, शहरात पाण्यात चालवायचं मशीन असतंय म्हणे कुत्र्यासाठी. आपल्याकडं शेततळं आहे, त्यात पोहवली तर? आणि माशाच्या तेलाऐवजी जवस चालत नाही का, घरचं आहे.

गुरांचा डॉक्टर
११ मार्च, रात्री ८:१०

शेततळ्यात नको. पाण्यात व्यायाम चांगलाच, भार कमी आणि स्नायूंना काम. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याच्या कडेला धड कुत्र्याचीही नखं ठरत नाहीत, चढता येत नाही, दमून बुडतं. दरवर्षी एखादं ऐकतो. शिवाय आठ आठवड्यांच्या आत कुठल्याच पाण्यात नाही. पुढं नदीचा उथळ, वाळूचा काठ मिळाला, पोटाला पाणी लागेल एवढाच, तर दोरीवर हळू चालवा. एप्रिलमध्ये आपल्याकडं तसं पाणी कुठं असतं हा प्रश्न वेगळा.

जवस माणसाला चांगलं. कुत्र्याच्या शरीरात त्यातल्या तेलाचं माशाच्या तेलासारखं रूपांतर फार थोडं होतं. आणि जवसाची चटणी तर मुळीच नको, त्यात लसूण असतो.

बडीच्या आईंनी फरशीचं सांगितलं ते मी विसरलोच होतो. आमच्याकडं येणारी जनावरं मातीवरची.

काका, आठ आठवडे झाले की व्यायाम. सारवलेल्या जमिनीवर बसवायचं, उठवायचं, हळू, पाच वेळा. पाय बाहेर फेकून बसली तर मोजायचं नाही, भिंतीला लागून बसवा म्हणजे फेकायला जागा राहत नाही. मग तुराट्या जमिनीवर टाका, तिच्या एका पावलाच्या अंतरानं, सहा-सात. दोरी धरून अगदी सावकाश ओलांडायला लावा. जोरात चालली तर ती तीन पायांवर पळवून नेते, सावकाश चालली तर चौथा टेकावाच लागतो. ऊन चढायच्या आत, पहाटे.

लालपरीवाला
१६ जून, रात्री ९:००

तीन महिने झाले, कळवायचं राहून गेलं. खरं तर मध्ये कळवावं वाटत नव्हतं.

गोचीडताप निघाला नाही. किडनी ठीक निघाली, म्हणून चाकूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. कोठीत ओरडणं पाचव्या दिवशी थांबलं, पण ते बरं वाटलं असं नाही. दाराच्या फटीला नाक लावून बसायची आणि बाहेर काय चाललंय ते नुसतं ऐकायची. मालकीण तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायची. मी दुपारी तिथंच पडायचो. ३१ वर्षं मला एका सीटवर बसून काढायची सवय, तिला कुठली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अवकाळी आला. वीज कडाडली तशी हिनं अर्ध्या दारावरून उडी टाकली. सहाव्या आठवड्यात. परत बोटांवर. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनी परत तपासलं, गादीचं काही दिसत नाही म्हणाले, आठवडे पहिल्यापासून मोजा म्हणाले. दार वरपर्यंत जाळीचं केलं आणि परत सुरुवात. म्हणजे तुमचे आठ आठवडे आमच्याकडं चौदा झाले.

वजन आडतीवरच्या काट्यावर करतो. आधी मी एकटा, मग तिला उचलून, आणि वजाबाकी. हमाल हसतेत. २३ किलो ८०० आहे आता. नातीची बिस्किटं बंद केली तेव्हा नात रुसली, मग तिलाच डब्याची राखणदार केली. आता ती मलासुद्धा भाकरीचा तुकडा टाकू देत नाही.

आत्ता आत्ता तुराट्यांवरून चालवायला सुरुवात केलीय. पहिल्या दिवशी तिनं सगळ्या तुराट्या एका उडीत ओलांडल्या, माझा जीव गेला. नंतर कळलं, दोरी आखूड धरायची आणि मी पुढं नाही, बाजूला चालायचं. उजवा पाय आता पुरता टेकवते, पंजा सपाट. दहा वेळा बसली तर तीन-चार वेळा सरळ बसते. सकाळची पहिली दहा पावलं लंगडी, मग सुटते. माझंही तसंच आहे.

पट्टा परत मागवला नाही. जुना खुंटीला आहे. चाकूरचे डॉक्टर म्हणाले, एका गुडघ्याचं झालं की पुष्कळ कुत्र्यांत दुसऱ्याचंही होतं, म्हणून वजन परत वाढू द्यायचं नाही आणि मोकळं सोडायचं नाही, निदान दिवाळीपर्यंत.

मृगाचा चांगला झाला आमच्याकडं, भेगा बुजल्या. काल वानरं परत आली, बांधाच्या लिंबावर. हरणीनं कान उभे केले, अंग ताठ. दोरी माझ्या हातात, दोनदा हाताला गुंडाळलेली. पाच मिनिटं आम्ही दोघं तसेच उभे. मग ती बसली. पाय बाहेर टाकून बसली, पण बसली.

सुतळीचं राहिलंच. फरक एक बोटावर आलाय. दोन्ही गाठी कोठीतच टांगून ठेवल्यात, पुढचं माप पोळ्याला घेतो.